घट्ट स्क्रू, सैल बैठक

माझी धाकटी मावशी शिलाई मशीन दुरुस्त करते. शिवत नाही, दुरुस्त करते. हा फरक लोकांना समजावण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. दुकानात शिरणारं दर दुसरं माणूस हातातली पँट पुढे करून म्हणतं, "पाय दोन बोटं आखूड करायचेत." मग मावशी चष्म्यावरून बघते आणि म्हणते, "पँट समोरच्या दुकानात. पँट शिवणारं मशीन रुसलं तर माझ्याकडे."

विसाव्या वर्षी ती कपड्यांच्या कारखान्यात कॉलर जोडायला लागली. तिच्या मशीनचा टाका चुकायचा आणि मेकॅनिक बोलावला की दुपार होईपर्यंत यायचा नाही. एक दिवस तिने वैतागून स्वतःच मशीनचं पोट उघडलं. मेकॅनिकने आकाशपाताळ एक केलं. पण मशीन चालू झालं होतं, त्यामुळे त्याला फार वेळ ओरडता आलं नाही. पुढच्या महिन्यात सुपरवायझरने तिला त्याच्याच हाताखाली दिलं. अठरा वर्षं तिने तिथे काढली, आणि कारखाना बंद झाला तेव्हा घराच्या रस्त्याकडच्या खोलीत स्वतःचं दुकान थाटलं.

त्याच घराच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमध्ये, तिच्या सासऱ्यांचा सुतारकामाचा कारखाना. कारखाना म्हणजे एक लांब ठोकळ्यासारखं टेबल, भिंतीवर टांगलेली हत्यारं आणि ते स्वतः. मी त्यांना आजोबाच म्हणत आलोय. दारं-खिडक्या हे त्यांचं काम. बोलणं मोजकं. सुनेशी कधी वाकडं वागले नाहीत, पण तिच्या कामाबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मशीन म्हणजे काय, नटबोल्ट. लाकडाला जीव असतो." मावशी ऐकायची आणि आपल्या खोलीत जाऊन नटबोल्ट आवळायची.

गेल्या वर्षी एका सकाळी चहा पिताना आजोबांच्या डाव्या हातातून कप सुटला. कप फुटला म्हणून ते वाकायला गेले, तर पायही ऐकेना. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, त्यांना पाठुंगळी मारून रिक्षात घातलं. तीन आठवडे इस्पितळात गेले. घरी आले ते चाकाच्या खुर्चीतून. मग हळूहळू काठी आली. व्यायाम करून घेणारी एक ताई आठवड्यातून दोनदा यायची, हातात रबरी चेंडू द्यायची आणि म्हणायची, "दाबा. अजून दाबा. माझ्यावरचा राग काढा त्याच्यावर." पाच महिन्यांत पाय बराच सुधारला. डाव्या हाताची बोटंही मिटायला लागली. ताई म्हणाली, "आता कामाला लागायला हरकत नाही. थोडं थोडं."

आजोबांनी त्या दिवशी स्वतःच्या हाताने दाढी केली आणि शेडचं कुलूप काढलं.

त्यांचा मुख्य आधार म्हणजे एक लोखंडी रंधा. चाळीस वर्षांपूर्वी घेतलेला. तळ आरशासारखा गुळगुळीत, मागची लाकडी मूठ त्यांच्या तळहाताने झिजून झिजून त्यांच्याच हाताच्या आकाराची झालेली. दुसरा एक लाकडी रंधा होता, तो त्यांनी कधीच कुणाला तरी देऊन टाकला होता. या रंध्याला मात्र घरात कुणी हात लावायचा नाही असा अलिखित कायदा होता.

त्यांनी एक फळी टेबलावर अडकवली, रंधा ठेवला आणि ढकलला. रंधा टर्रर्र करत थरथरला, फळीच्या मध्यावर अडला, आणि त्याच्या तोंडात लाकडाचे चुरगळलेले छिलके बोळ्यासारखे कोंबले गेले. आजोबांनी ते काढले. पातं काढून दगडावर धार लावली, पुन्हा बसवलं. पुन्हा टर्रर्र. फळीवर आडव्या रेघा उठल्या, जणू कुणी बोथट कंगवा फिरवलाय.

रंधा मारताना पुढची मूठ डाव्या हाताने दाबून धरावी लागते. आजोबांनी डाव्या हाताकडे बघितलं. त्यांना वेगळा पुरावा नको होता.

असं दोन महिने चाललं. रोज जायचे, रोज दोन-चार फळ्या खराब करायचे, आणि रोज थोडे लवकर परत यायचे. मग एके दिवशी गेलेच नाहीत. जेवताना म्हणाले, "जोडीदाराला निरोप धाडलाय. रविवारी येऊन हत्यारं घेऊन जाईल."

जोडीदार म्हणजे त्यांच्यासोबत तीस वर्षं काम केलेले दुसरे सुतार. त्यांनी निरोपाला दोनदा नाही म्हणून कळवलं होतं. तिसऱ्यांदा त्यांचाही नाइलाज झाला.

काका ताटात बघत राहिले. ते टपाल कचेरीत काम करतात. स्वभावाने गाय. खिळा ठोकायचा तर अंगठा आधी ठोकून घेतात. त्या दिवशी ते भात न घेताच उठले.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी मावशी चहा घेऊन शेडमध्ये गेली. आजोबा टेबलाकडे पाठ करून स्टुलावर बसले होते, हत्यारं पुसत. देऊनच टाकायची तर स्वच्छ करून द्यावीत म्हणून. शेवटची बिघडलेली फळी अजून टेबलावरच होती. मावशीने कप ठेवला आणि सवयीने फळीवरून बोट फिरवलं. तिची बोटं अशीच आहेत, समोर काहीही आलं तरी चाचपून बघतात. बोट थांबलं. तिने परत फिरवलं. मग गळ्यातली मोजायची टेप काढून फळीवर आडवी धरली.

"बाबा, या रेघा बघितल्यात?"

"दोन महिने तेच बघतोय."

"तसं नाही. दोन रेघांमधलं अंतर बघा. इथून तिथपर्यंत सारखं आहे."

"मग?"

"मग हात थरथरला तर रेघा कशाही उठतील. एक जवळ, एक लांब. आमच्यात टाका चुकतो ना, तेव्हा पहिल्यांदा हेच बघायचं. मनाला येईल तिथे चुकत असेल तर शिवणाऱ्याचा हात. मोजून मापून चुकत असेल तर मशीन."

आजोबांनी पुसायचं फडकं झटकलं. "सूनबाई, माझी समजूत घालू नकोस."

"समजूत घालायला वेळ कुणाला आहे? दुकानात तीन मशीनं उघडी पडलीत. मला खरंच हा रंधा बघायचाय."

"घे. रविवारी तसाही जाणारच आहे."

घे म्हणाले खरे, पण मावशीने रंधा उचलला तेव्हा त्यांची मान वळलीच. तिने तो आधी पाठीवर, मग पोटावर फिरवून बघितला. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. कशाला काय म्हणतात तेवढं तरी सांगा."

आजोबांनी नाइलाजाने सांगितलं. खाली सपाट तळ, तळात आडवी फट, ते रंध्याचं तोंड. त्या तोंडातून पात्याची धार केसभर खाली डोकावते. पात्याच्या पाठीला एक दुसरी पट्टी स्क्रूने जखडलेली असते. ती छिलक्याला वळण देऊन वर काढते. आणि या सगळ्यांच्या खाली एक तिरकी लोखंडी बैठक. पातं टेकतं ते तिच्यावर.

मावशीने पातं आणि पट्टीची जोडी बाहेर काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. "इथून उजेड दिसतोय, बाबा. धारेजवळ पट्टी पात्याला चिकटून बसायला हवी ना? एका कोपऱ्यात फट आहे."

आजोबांनी चष्मा लावला. बघितलं. धार लावायचा दगड तिच्याकडे सरकवला.

पट्टीची कड दगडावर घासून सरळ करायला तिला अर्धा तास लागला. घासायचं, पुसायचं, उजेडात धरायचं. शेवटी उजेड दिसेनासा झाला. जोडी परत बसवली आणि रंधा सासऱ्यांपुढे केला. "मारा."

"नाही."

"बरं, मग मी मारते." तिने पदर खोचला, दुसरी एक फळी अडकवली आणि रंधा ढकलला.

मावशीने जन्मात रंधा धरला नव्हता. तो फळीवरून उड्या मारत गेला. आजोबांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्यांदा ढकलला तेव्हा त्यांना राहवलं नाही. "अगं, उलट्या रेशाने मारतेयस! मांजराला उलटं कुरवाळलं तर ओरबाडणारच ना ते! फिरव ती फळी."

तिने फळी फिरवली. पुन्हा मारला. टर्रर्र. पण या वेळी तोंडात बोळा अडकला नाही, छिलके वर निघाले. तुटके होते, पण निघाले. मावशीने रंधा बाजूला ठेवला आणि फळीवर टेप धरली. मग आजोबांची फळी शेजारी ठेवली.

रेघा तशाच होत्या. अंतरही जवळजवळ तेवढंच.

"माझ्या हाताला तर काही झालं नाही ना?" मावशी म्हणाली. "मग माझ्याही रेघा तशाच कशा?"

आजोबांनी दोन्ही फळ्यांवरून अंगठा फिरवला. चहा पार गार झाला होता. तो त्यांनी तसाच पिऊन टाकला. "तळ," ते म्हणाले, "तळ वाकला असेल."

इथे ते चुकले. मावशीने दुकानातल्या काउंटरची काच आणली, तिच्यावर बारीक काचकागद ताणून चिकटवला, रंध्याच्या तळावर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा मारल्या आणि रंधा त्या कागदावर चार वेळा पुढेमागे घासला. कुठे खड्डा असेल तर तिथली पेन्सिल तशीच राहते. पण रेघा सगळीकडून एकसारख्या पुसल्या गेल्या. तळ निर्दोष सुटला. दोघांनाही जरा वाईट वाटलं. एवढी खटपट करून गुन्हेगार सापडू नये तसं.

संध्याकाळी काका कामावरून आले तर बाप आणि बायको शेडच्या उंबऱ्यात बसून पातं किती घट्ट आवळायचं यावर वाद घालत होते. काका क्षणभर थांबले, विचारलं, "काय चाललंय?" आणि उत्तर न ऐकताच आत गेले.

शुक्रवारी सकाळी मावशीने दुकानाला कुलूप लावून वर पाटी लटकवली, 'दुपारनंतर'. रंध्याचा वरचा सगळा संसार तिने उतरवला. पातं, पट्टी, दाबून धरणारा वरचा तुकडा, सगळं. आता उघडी पडली ती तिरकी बैठक, दोन स्क्रूंनी खालच्या लोखंडाला जखडलेली.

"ती कधी काढायची नसते," आजोबा म्हणाले. "चाळीस वर्षांत मी काढलेली नाही."

"काढत नाही. हलते का बघते."

ती बोटाने हलवून बघितली. हलेना. दोन्ही स्क्रूंना पेचकस लावून बघितला. दोन्ही घट्ट, तसूभर फिरेनात. आजोबांनी मान हलवली. झालं, आता रंध्यात शोधायला काही उरलं नाही. आणि रंध्यात काही नाही म्हणजे दोष कुठे, हे त्यांच्या चेहऱ्यावर परत उमटायला लागलं होतं.

मावशी मात्र तशीच बसून होती. कारखान्यातल्या त्या जुन्या मेकॅनिकने तिला एकदा फजितीत पकडलं होतं. एका मशीनचा पाय डुगडुगत होता, आणि ती छातीठोकपणे सांगत होती की स्क्रू घट्ट आहे. तो म्हणाला होता, "स्क्रू घट्ट आहे. पण त्याने धरलंय काय?"

तिने साडीला टोचलेली सुई काढली. स्क्रूच्या डोक्याखाली एक पितळी चकती असते, वायसर. डोकं चकतीला दाबतं आणि चकती बैठकीला. तिने सुईचं टोक डाव्या चकतीच्या कडेला लावून ढकललं. चकती जागची हलली नाही. मग उजव्या चकतीला लावलं.

चकती फिरली. सुईच्या टोकाने, अलगद.

"बाबा," ती म्हणाली, "इकडे या."

आजोबा काठीही न घेता उठून आले. तिने परत सुई लावली. चकती परत फिरली. घट्ट आवळलेल्या स्क्रूखालची चकती जत्रेतल्या पाळण्यासारखी फिरत होती.

"स्क्रू मध्येच कुठेतरी आटे धरून अडकलाय," मावशी म्हणाली. "डोकं खालपर्यंत पोचलंच नाही. आपल्याला वाटतंय आवळलाय. बैठक एकाच स्क्रूवर उभी आहे. हाताने हलणार नाही, पण पातं लाकडात शिरलं की जोर बसतो आणि ती डुलते. म्हणून सारख्या अंतरावर रेघा."

तिने जोर लावून तो स्क्रू उलटा फिरवला. करकरत बाहेर आला. दुसराही काढला आणि दोन्ही तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. डोकी सारखी होती, जाडी डोळ्याला सारखी दिसत होती. पण एकाचे आटे बारीक आणि दुसऱ्याचे किंचित भरड. भरड आट्यांच्या टोकाला लोखंडाचा चुरा चिकटला होता.

"हा या रंध्याचा नाहीच," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "हा कुणी घातला?"

शेडच्या दारात काका उभे होते. कचेरीला निघालेले, खांद्याला पिशवी. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"मी," ते म्हणाले.

ते उंबऱ्याच्या आत आले. "तुम्हाला घरी आणायचं होतं तेव्हा. न्हाणीघराचं दार अडून पूर्ण उघडत नव्हतं, चाकाची खुर्ची आत जाईना. दाराची कड घासावी म्हणून रंधा घेतला. हातातून निसटून फरशीवर पडला. फुटला का बघायला मी खोलला. परत लावताना एक स्क्रू घरंगळत मोरीच्या भोकात गेला. मग तुमच्या डब्यातला तसाच दिसणारा लावला. घट्ट बसला होता, बाबा. मी नीट आवळला होता."

"दोन महिने," आजोबा म्हणाले. "दोन महिने मी इथे झगडत होतो आणि तू बघत होतास."

"डॉक्टर हात कमजोर राहील म्हणाले होते. मला वाटलं हातच." काकांनी पिशवीचा पट्टा मुठीत धरला. "एकदा मनात आलं की रंधा पडला होता, त्यामुळे तर नसेल? पण तोवर इतके दिवस गेले होते की सांगायचं तोंड राहिलं नाही. आणि परवा तुम्ही हत्यारं देऊन टाकतो म्हणालात, तेव्हापासून घास गिळवत नाही."

आजोबांनी तोंड फिरवलं. "जा कामावर," ते म्हणाले.

काका वळले. अंगण अर्धं ओलांडलं असेल, तेवढ्यात मागून हाक आली.

"ऐक. ते न्हाणीघराचं दार तू घासलंस?"

"हो."

"मला वाटत होतं उंदरांनी कुरतडलंय."

मावशीला हसू आवरेना. काकांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी डोळे पुसले आणि ते बसस्टॉपकडे निघून गेले. आजोबा स्टुलावर बसले. डावा हात मांडीवर उताणा ठेवून त्याची बोटं मिटत आणि उघडत राहिले, किती तरी वेळ. मावशी चुरा झाडत बसली.

आता प्रश्न स्क्रूचा. असले आटे बाजारात मिळत नाहीत. ती हत्यारांची दोन दुकानं हिंडली, दोन्हीकडे "नवीन रंधा घ्या" एवढंच उत्तर मिळालं. मग ती चांगला स्क्रू आणि रंध्याचं धड पिशवीत घालून लोखंड कातणाऱ्या लेथवाल्याकडे गेली. दोन गल्ल्या पलीकडे, तेलाने काळी पडलेली लांबट खोली, आणि त्यात कानावर हात ठेवून बोलावं लागेल असा आवाज.

"एका स्क्रूसाठी लेथ लावू?" तो ओरडला. "माशी मारायला तोफ?"

"तुमच्या घरच्यांचं शिलाई मशीन गेल्या वर्षी कुणी चालू करून दिलं?"

"हे काढणार हे मला माहीतच होतं. सोमवारी या."

"रविवारी सकाळी हवाय."

"रविवारी दुकान बंद असतं."

"म्हणजे आवाज नसेल. काम चांगलं होईल."

लेथवाल्याने स्क्रू हातात घेतला, आटे मोजायच्या पात्याने मोजले, भोकात बारीक दिवा धरून आत डोकावला. "भरड स्क्रूने आतले आटे थोडे खाल्लेत. फार नाही. साफ करून देतो." आणि मग नाराजी विसरून म्हणाला, "हा रंधा कुणाचा? मूठ बघा कशी झिजलीय." कुणाचा ते मावशीने सांगितलं. त्याने लेथवरचं दुसरं काम उतरवलं आणि शनिवारीच स्क्रू करून दिला.

रविवारी सकाळी जोडीदार हातगाडी घेऊन आले. गाडीवर तीन रिकामी पोती, चेहरा मयताला आल्यासारखा. शेडमध्ये शिरले तर आजोबा आणि मावशी टेबलावर वाकलेले, आणि काका बाजूला तेलाची बुधली धरून उभे.

"हे काय?" जोडीदारांनी विचारलं.

"बस," आजोबा म्हणाले. "गडबड करू नकोस."

मावशीने बैठकीखालची जागा ब्रशने साफ केली. फरशीवर पडला तेव्हाचे दोन बारीक खडेही तिथे सापडले. बैठक ठेवली, दोन्ही स्क्रू हाताने लावले, मग पेचकसाने आळीपाळीने आवळले. सुईने दोन्ही चकत्या ढकलून बघितल्या. दोन्ही जागच्या हलेनात. मग पातं, पट्टी, दाबणारा तुकडा. आजोबांनी रंधा उचलून डोळ्यापाशी धरला, तळावरून नजर टाकली, पातं खालीवर करायचं चाक किंचित फिरवलं. साग नव्हे, साधीच पांढऱ्या लाकडाची फळी होती. त्यांनी डावा हात पुढच्या मुठीवर ठेवला. बोटं जागेवर यायला वेळ लागला. उजव्याने त्यांनी ती नीट बसवली, आणि ढकललं.

सुर्रर्र. मध्ये कुठे अडलं नाही. तोंडातून एकसलग छिलका निघाला, वळत वळत वर आला आणि आजोबांच्या मनगटावर पडला. इतका पातळ की त्याच्यातून बोटं दिसावीत.

त्यांनी आणखी सहा-सात वेळा रंधा मारला. दर वेळी श्वास मोठा होत होता. मग थांबून त्यांनी फळीवर गुण्या लावला, म्हणजे काटकोन बघायचं हत्यार, आणि डोळा बारीक केला.

"डावी कड उंच राहतेय," ते म्हणाले.

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे अजून बिघाड आहे?"

"आहे ना. हा माझा आहे." आजोबांनी डावा हात वर करून दाखवला, आणि मावशी सांगते, त्या आजारानंतर ती पहिल्यांदाच त्यांना इतकं मनापासून हसताना बघत होती. तोंड अजून किंचित वाकडं होतं, पण हसू सरळ होतं. "हा हात कमी दाबतो. एवढंच ना? तर मग त्या बाजूने दोनदा जास्त मारीन. कुठलं कुणाचं ते कळलं की झालं. इतके दिवस सगळंच माझ्या डोक्यावर होतं."

जोडीदारांनी फळीवरून तळवा फिरवला आणि गंभीरपणे विचारलं, "मग ही पोती परत नेऊ?"

"एक ठेवून जा," आजोबा म्हणाले. "छिलके भरायला लागेल."

त्यानंतर सगळं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. आजोबा सकाळी दोन तास काम करतात, मग पडतात. जड दारं आता घेत नाहीत. खिडक्यांच्या चौकटी, स्टुलं, कुणाच्या कपाटाचा खण, असलं काम करतात. डावी कड अजून कधीकधी उंच राहते, आणि ते स्वतःला शिव्या देत ती उतरवतात. व्यायामवाल्या ताईने रबरी चेंडू बंद केला. म्हणाली, रंध्याची मूठच दाबा, तेवढं पुरे. न्हाणीघराचं दार मात्र आजोबांनी स्वतः घासलं नाही. बिजागऱ्या काढून ते टेबलावर आणून ठेवलं, रंधा काकांच्या हातात दिला आणि दोन रविवार स्टुलावर बसून त्यांच्याकडून घासून घेतलं. काका पन्नाशीला पोचलेत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बापाचा रंधा बापासमोर धरला. दार आता नीट लागतं. फार सुंदर झालंय असं कुणी म्हणत नाही.

जोडीदारांनी ही हकीकत लाकडाच्या वखारीत सांगितली असणार, कारण महिन्याभरात एक अनोळखी सुतार फडक्यात गुंडाळलेला रंधा घेऊन मावशीच्या दुकानात आला. मग दुसरा आला. ती आधी बिघडलेली फळी मागते, रंधा नंतर. फळी आणली नसेल तर परत पाठवते. काही वेळा बघून सांगते, "रंध्यात काही नाही. तुम्ही घाई करताय." हे ऐकून माणूस चिडला तर ती त्याला मागे शेडमध्ये पाठवते. तिथे त्याला तेच, जरा जास्त कडक शब्दांत, ऐकायला मिळतं.

गेल्या महिन्यात मी गेलो होतो तेव्हा आजोबा मावशीच्या दुकानासाठी कामाचं टेबल बनवत होते. कडेला बारीक पन्हळ, स्क्रू घरंगळून जाऊ नयेत म्हणून. पाय जोडून झाले होते आणि दोघांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं.

"दोन बोटं कमी करा, बाबा. मला बसून काम करायचंय."

"बसून काम करू नये. पाठ जाते. मी पन्नास वर्षं उभा राहिलोय."

"तुमचं लाकूड मोठं असतं. माझा स्क्रू तिळाएवढा. डोळ्याजवळ लागतो."

"मग टेबल उंच हवं ना! डोळ्याजवळ येईल!"

मावशीने स्टूल ओढलं, त्यावर बसली, कोपर टेबलावर टेकून बघितलं, उठली, परत बसली.

"एक बोट," ती म्हणाली.

आजोबांनी कानामागची पेन्सिल काढली आणि चारही पायांवर खुणा केल्या.